गाण्याच्या कव्हरावरची बाई

चिंचपोकळी, १२ नोव्हेंबर १९५९

हेरंबा,

आशीर्वाद घे. मायन्यात आणखी काय काय लिहितात ते दुसरीत शिकवलं होतं, त्यानंतर शाळेचं तोंड बघितलं नाही. तुझं तू समजून घे.

तुझं पार्सल पोचलं. कलकत्त्याहून आलंय म्हटल्यावर मला वाटलं मिठाई असेल. उघडून बघते तर पुठ्ठा! तुझे अप्पाआजोबा म्हणाले, "अगो, गाण्याच्या तबकडीचं कव्हर आहे. वरचं चित्र आपल्या हेरंबानं काढलंय." मी म्हटलं, मग तबकडी कुठाय? तर म्हणे आपल्याकडे फोनो नाही, म्हणून पोरानं नुसतं कव्हर पाठवलं. म्हणजे जेवण नाही तर नाही, पत्रावळ तरी बघून घ्या. माझ्या बहिणीचा नातू शोभतोस.

पण चित्र बरं काढलंयस. तोंडावर स्तुती करायची माझी रीत नाही, तू लांब आहेस म्हणून लिहिते. चाळीची गॅलरी ओळखली. गिरणीच्या धुराड्यामागचं आभाळ पिकल्या जांभळासारखं केलंस तेही बघितलं. कठड्याशी पाठमोरी बाई, मान जराशी इकडे वळवलेली, न्हालेले केस पिळतेय आणि फणी दातात धरलीय. दोरीवरच्या लुगड्याच्या काठाला थेंब लोंबतोय, त्याच्याखाली मी बोट धरून बघितलं. हसू नको. आणि गाणारणीचं नाव खाली कोपऱ्यात बारीक लिहिलंस, बाईच्या अंगावर अक्षरं चढवली नाहीस, ते फार बरं केलंस. हल्ली देवाच्या तसबिरीवरसुद्धा बिडीवाला आपलं नाव घालतो.

यातली गाणी रेडिओवर लागतात. अप्पासुद्धा गुणगुणतात, आणि अप्पांचा आवाज तुला ठाऊक आहे, कावळे उडतात.

एक चूक मात्र ढळढळीत केलीस. कुंकू विसरलास! एवढी घरंदाज बाई आणि कपाळ कोरं? बघणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते. मी माझ्या करंड्यातलं मेण लावून वर बारीक कुंकू टेकवलं. आता कशी लक्ष्मी दिसते. अप्पांनी दारासमोरच्या भिंतीला खिळा मारून दिला. चाळीतलं येणारं जाणारं थांबून बघतं, मी सांगते, माझ्या नातवाची करणी.

तुझ्या कालिंदीमामीला तेवढं आवडलं नाही. गिरणीतून आली, डबा ठेवला, बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आई, हे काढा." मी विचारलं, का गो? तर ती सरळ मोरीत गेली. नवरा गेलेल्या बाईला दुसरीच्या कपाळावरचं कुंकू खुपायचंच, तिचा दोष नाही. माझा शिवा जाऊन आता चार वर्षं होतील. पण खुपतं म्हणून जगानं काय कपाळं झाकून फिरायचं? मी नाही काढलं.

आणि ती बाई कोण रे? बंगालीण नव्हे. पदर कमरेला खोचलाय तो आपल्याकडचा.

तुझी आजी
कमळाबाई


कलकत्ता, २७ नोव्हेंबर १९५९

प्रिय आजी,

तुला आणि अप्पांना नमस्कार.

तुझं पत्र वाचून खोलीत एकटाच हसलो. कुंकवापाशी आलो आणि हसू गेलं.

मी विसरलो नव्हतो गं. त्या चित्रात सगळीकडे शाई आहे, फक्त तिच्या कपाळावर नाही. तिथं मी कागद कोरा सोडला. मावळतीचा उजेड येऊन तिथं थांबतो आणि बघणाऱ्याची नजरही तिथंच जाते. आमच्या तबकडी कंपनीचे साहेब तिथं सोनेरी शाई घाला म्हणत होते. मी त्यांच्याशी भांडून ती जागा कोरी राखली, आणि तू बरोब्बर तिथंच बोट टेकवलंस!

तुला पाठवलेली प्रत पहिल्या छपाईची आहे, तिच्यावर वार्निश नाही. कुंकू फार दिवस राहिलं तर कागद ते पिऊन टाकील. हलक्या हातानं काढशील का? नाहीतर चित्रच खिळ्यावरून उतरव आणि पेटीत ठेव. ते जास्त बरं.

इथं सगळे खूश आहेत. गिरगावातला एक दुकानदार लिहितो की गिऱ्हाइकं गाणी ऐकायच्या आधी कव्हरच हातात धरून उभी राहतात. तबकडी नको, कव्हर तेवढं द्या, असंही कोणी म्हणालं म्हणे.

ती बाई कोणी नाही. मनातली आहे.

कालिंदीमामी आणखी काही बोलली का? तिला एकदा विचार. नको, विचारू नकोस.

तुझा
हेरंब


चिंचपोकळी, १८ जानेवारी १९६०

हेरंबा,

आज आशीर्वाद नाही.

मनातली म्हणे! माझी सून तुझ्या मनात काय करत होती रे मेल्या?

संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं होतं. बायकांनी खोली भरलेली. अशा वेळी कालिंदी आत थांबत नाही, आपली गॅलरीत जाऊन उभी राहते, तशी रीतच आहे. शेजारची सुंदराबाई वाण घेऊन उठली, भिंतीवरच्या चित्राकडे बघितलं आणि सहज दाराबाहेर बघितलं. बाहेर कालिंदी कठड्याशी पाठमोरी. सकाळपाळी करून येऊन न्हालेली, केस पिळतेय आणि फणी दातात. सुंदराबाईनं पुन्हा चित्र बघितलं, पुन्हा बाहेर बघितलं. मग बोंब ठोकली, "अगो बाय माझे! ही तर आपली कालिंदी!"

सगळ्या माना एकदम वळल्या. तिनंही तेव्हाच वळून बघितलं, आणि राहिलीसाहिली शंका तीही गेली. रोज माझ्या डोळ्यांसमोर केस विंचरते ती, आणि मला कळलं नाही.

तू आमच्याकडे राहून गिरगावच्या छापखान्यात जात होतास तेव्हा काय बघत बसायचास ते आता कळलं. तुला भाकरी घातली तिनं, तुझे शाईचे सदरे धुतले, आणि तू तिची पाठ कलकत्त्यात नेऊन विकलीस?

तुला इथली परिस्थिती ठाऊक आहे. छप्पन्नच्या जानेवारीत शिवाला नाक्यावर गोळी लागली तेव्हापासून लोक तिला कालिंदी म्हणत नाहीत, हुतात्म्याची बायको म्हणतात. प्रभातफेरीत पुढे उभी करतात, हार घालतात. ती हुतात्म्याची बायको आता गाण्याच्या कव्हरावर केस सोडून दुकानादुकानांत टांगलीय! आणि माझ्या घरात तिच्या कपाळी कुंकू! एक बाई तर माझ्या तोंडावर म्हणाली, "कमळाबाई, सुनेचं दुसरं ठरवताय की काय?" गिरणीच्या फाटकावर टवाळ पोरं तिला बघून तेच गाणं म्हणतात.

कुंकू मी लगेच पुसून टाकलं. विषय संपवला. तरी दुसऱ्या दिवशी ती बोचकं घेऊन गेली. वरळीला बीडीडी चाळीत तिच्या खात्यातली चंपा राहते, तिच्याकडे. चंपाच्या घरचे धर्म बदललेले लोक. म्हणजे तेही बोलायला चाळीला मिळालं.

हे सगळं तुझ्यामुळे. काय करायचं ते कर आणि तिला घरी आण.

कमळाबाई


कलकत्ता, ३० जानेवारी १९६०

आजी,

तू म्हणतेस ते सगळं खरं आहे. ती मामीच आहे.

मी तेव्हा छापखान्यातून येऊन जिन्यात बसायचो. ती न्हाऊन गॅलरीत यायची. मामा गेल्यावर तिला आमच्यापैकी कोणी सरळ बघितलंच नव्हतं. सगळे तिच्याकडे बघून मामाला आठवायचे. ती केस पिळायची तेवढा वेळ ती कोणाची कोणी नसायची. ते मला कागदावर धरावंसं वाटलं. वाईट विचार नव्हता, शपथ घेतो. पण मी तिला विचारलं नाही, आणि का नाही ते मला तेव्हाही माहीत होतं. ती नको म्हणाली असती.

कव्हर बदला म्हणून साहेबांना विनवलं. ते हसले. म्हणाले, खपतं ते कोण बदलतं? इथं लोक माझी पाठ थोपटतात, आणि प्रत्येक वेळी मला तिचा फाटकातला चेहरा दिसतो. मी तिला पत्र टाकलं, क्षमा मागितली. उत्तर नाही.

एक गोष्ट मात्र मला कळत नाही. माझ्यावर रागावली असेल तर तिनं माझं तोंड बघू नये, मला शिव्या द्याव्यात. तुझं घर ती का सोडील? मामा गेल्यावर तिचा भाऊ न्यायला आला तेव्हासुद्धा ती तुला सोडून गेली नव्हती. आजी, त्या दिवशी आणखी काय झालं?

हेरंब


चिंचपोकळी, २८ मार्च १९६०

हेरंबा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला शिमगा उलटला. शाई संपली होती, असं लिहिणार होते. शाई होती.

कुंकू पुसलं असं तुला लिहिलं. कसं पुसलं ते लिहिलं नाही.

बायका हसत होत्या. मला त्या हसण्याचं भय वाटलं. मी उठले, भिंतीपाशी गेले आणि अंगठ्यानं घासून कुंकू पुसलं. सगळ्यांच्या देखत, खसाखसा. कालिंदी तोवर दारात आलेली. मेण चिकट, निघेना, तर मी पदराच्या टोकाला थुंकी लावून घासलं. निघालं नाहीच. कपाळभर लाल फराटा झाला. वर मी मोठ्यानं म्हणाले, "जिचं कपाळ जसं, तसंच बरं!"

 माझ्या हाताला काय आठवलं ते बायकांनाही आठवलं. छप्पन्न साली शिवाला उचलून नेल्यावर तिचं कुंकू मीच पुसलं होतं, याच अंगठ्यानं. सासूनं पुसायचं असतं, मी पुसलं. तेव्हा रडायलासुद्धा मला फुरसत नव्हती.

कालिंदी आत आली. आवाज चढवला नाही. चित्राकडे बोट करून म्हणाली, "आई, त्या दिवशी मी आपणहून कपाळ पुढं केलं होतं. हिला विचारलंत का?"

  त्यावर मी काय केलं असेल? खाली बसले आणि पुढच्या बाईला वाण दिलं. तेवढं मला अजून गिळवत नाही. वाण द्यायचं थांबवलं असतं तरी चाललं असतं.

तिची पाठ विकलीस म्हणून मी तुला बोलले. तू न विचारता तिचं चित्र काढलंस. मी न विचारता तिला कुंकू लावलं आणि न विचारता पुसलं. वजन करायला बसलो तर तुझंच पारडं हलकं होईल.

आता पुढचं ऐक. एक मेला आपला महाराष्ट्र होतोय. चाळीचं मंडळ सत्कार करणार, हुतात्म्याच्या बायकोला साडीचोळी. परवा मंडळाचा शामराव आला. पायताण दारातच ठेवलं, आवाज मात्र आत आणला. म्हणाला, "कमळाबाई, कालिंदीचं नाव सध्या बाजूला ठेवलंय. लोक बोलतात. तुम्हीच या सत्काराला, आई म्हणून." मी त्याला हाकलायला हवं होतं. खरं सांगू? क्षणभर मला बरं वाटलं. माझाही तो मुलगा होता, मला कोणी कधी हार घातला नव्हता. शामराव जिना उतरून गेल्यावर माझं मला कळलं की मी हसत होते.

अप्पांनी चित्र उतरवून पेटीत ठेवलंय. माझ्याशी बोलतात ते फक्त मीठ कुठाय आणि तंबाखू कुठाय एवढंच.

तू शिकलेला आहेस. यातून वाट काय ते सांग.

आजी


कलकत्ता, ९ एप्रिल १९६०

प्रिय आजी,

रात्रंदिवस विचार केला. एक वाट दिसते.

मी मंडळाला पत्र लिहितो. कंपनीच्या कागदावर, सही-शिक्क्यानिशी. चित्रातली बाई इथली एक बंगाली बाई आहे, तिला पैसे देऊन समोर उभी केली होती, चिंचपोकळीच्या कोणाशीही साम्य दिसलं तर तो योगायोग. कलकत्त्यात येऊन कोण तपासणार आहे? शामरावांचं तोंड बंद होईल, मामीचं नाव पुन्हा यादीत येईल, गिरणीतली पोरं गप बसतील. ती मानानं घरी येऊ शकेल.

खोटं आहे, पण माझ्या खोट्यानं तिचं काही नुकसान होत नाही. एवढं तरी मला करू दे. पत्र लिहून तयार आहे. तू हो म्हणालीस की पाकिटात घालतो.

तुझा
हेरंब


चिंचपोकळी, ३ मे १९६०

हेरंबा,

आशीर्वाद.

ते पत्र फाड. का ते सांगते.

तुझी युक्ती मला पहिल्यांदा इतकी आवडली की मी त्याच दिवशी हो लिहायला बसले होते. मग वाटलं, पुन्हा तिला न विचारताच? तरी तिच्याकडे जायला पाय उचलेना. आज जाते, उद्या जाते करत एक मे उजाडला. सगळीकडे तोरणं, दिव्यांच्या माळा, ढोल. शामराव बोलवायला आला. त्याला म्हटलं, "तुझी साडी तूच नेस." आणि वरळीची बस धरली.

चंपाची खोली दुसऱ्या मजल्यावर. दार कालिंदीनंच उघडलं. बघितलं, बाजूला झाली. मी आत गेले. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि जराशी पलीकडे तुझं चित्र! वार्निशचं, चकचकीत, कपाळ स्वच्छ. मला वाटलं चंपानं लावलं असेल. चंपा म्हणाली, "आजी, ते हिनं स्वतः गिरगावात जाऊन आणलंय. आमच्याकडे वाजवायला काही नाही, तबकडी तशीच आत आहे."

मी कालिंदीला तुझी युक्ती सांगितली. हेरंब लिहून देतोय की ती तू नव्हेस, म्हटलं. सगळं मिटेल, घरी चल.

ती भांडी पुसत होती, पुसायची थांबली नाही. म्हणाली, "मी नाही तर कोण आहे ती?"

मी म्हटलं, "अगो, लोकांसाठी."

"लोकांसाठी चार वर्षं मी प्रभातफेरीत उभी राहिले, आई. पाय दुखतात म्हणायची चोरी. हे चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा हेरंबाचा राग आला, फार आला. लाजही वाटली. मग एकदा दुकानात पुन्हा बघितलं. त्यातली बाई कोणासाठी उभी नाही. केस ओले आहेत म्हणून उभी आहे. ती मी नव्हे असं त्यानं लिहून दिलं तर माझ्याजवळ काय राहिलं?"

मग तुला निरोप दिला, जसाच्या तसा लिहिते. "त्याला सांगा, पाठ बरी काढलीय. पण फणी मी दातांत उजव्या बाजूला धरते, डाव्या नाही. समोर उभं राहून विचारलं असतं तर सांगितलं असतं. कदाचित नकोही म्हटलं असतं. ते ऐकून घ्यायची तयारी ठेवायला हवी होती." तुला क्षमा केली की नाही ते बोलली नाही. मी विचारलं नाही, ते तुझं तू येऊन विचार. इकडे ये तेव्हा आधी माझ्याकडे येऊ नको. वरळीला उतर.

मग मी माझं बोलले. असलं बोलायची मला सवय नाही, वाक्यं सगळी उलटीपालटी झाली. म्हटलं, तुझं पुसलं तेव्हा रीत होती. चित्राचं पुसलं तेव्हा रीत नव्हती, तेव्हा मला बायकांचं भय होतं. तुला वाचवायला नाही पुसलं, मला वाचवायला पुसलं. आणि तू दारात असताना मी वाण वाटत बसले.

ती म्हणाली, "ठाऊक आहे."

बस. "असू दे आई" नाही, "जाऊ द्या" नाही. घरी येते असं म्हणाली नाही. मीही पुन्हा चल म्हटलं नाही, कशाच्या तोंडानं म्हणणार?

मी तिथं बराच वेळ बसले. तुला माहीत आहे, पूर्वी मी त्या घरचं पाणी प्याले नसते. आणि ते त्या दोघींनाही माहीत होतं. चंपानं स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं, कालिंदीकडे बघितलं. कालिंदीनं दोन कप काढले. एक चंपाला दिला, एक स्वतः घेतला. माझ्यासमोर बसून प्याल्या.

मला विचारलं नाही. बरं केलं. विचारला असता तर मी घेतला असता, गोड मानून प्याले असते आणि झालं गेलं फिटलं असं समजून बस धरली असती.

आजी